न सापडलेल्या पानांचा माग

वेबसाइटचा लॉग पहिल्यांदा उघडणाऱ्याला सर्वांत आधी खटकतात त्या ४०४ च्या ओळी. आपण कधी लिहिलेच नाही असे पान कोणीतरी मागितलेले असते, कधी चढवलेच नाही असे चित्र मागितलेले असते, आणि सर्व्हरने प्रत्येक वेळी ‘सापडले नाही’ असे उत्तर दिलेले असते. ग्रंथालय, शाळा, छोटा प्रकाशक, दिवाळी अंक यांच्या साइट सांभाळणारी माणसे बहुधा एकटीच असतात. हाताशी तांत्रिक विभाग नसतो. मग या ओळींकडे कायमचे दुर्लक्ष होते, नाहीतर एखादे प्लगइन बसवून चुकलेली प्रत्येक विनंती सरसकट मुखपृष्ठाकडे वळवली जाते. दुसरा उपाय पहिल्यापेक्षा वाईट आहे. कारण पुढे येईलच.

४०४ ची ओळ दिसली की आपण विचारतो, काय हरवले आहे? त्याआधी हे विचारा : मागणाऱ्याला हा पत्ता मिळाला कुठून? बऱ्याचदा आपल्याकडचे काहीच हरवलेले नसते, पत्ताच चुकीचा तयार झालेला असतो. तो कुठे तयार झाला हे कळले, की काय करायचे याचा निर्णय सोपा होतो.

लॉग मिळवणे अवघड नाही. उबुंटू किंवा डेबियनवर अपाचे असेल तर तो ‘व्हार’च्या आत ‘लॉग’ या फोल्डरमध्ये ‘अपाचे२’ नावाखाली असतो, एनजिन्क्स असेल तर त्याच्या नावाखाली. सीपॅनेलवरच्या साइटसाठी ‘रॉ ॲक्सेस’ या ठिकाणाहून तो उतरवून घेता येतो. प्रत्येक ओळीत मागणाऱ्याचा आयपी पत्ता, वेळ, मागितलेला पत्ता, उत्तराचा आकडा, पाठवलेले बाइट, रेफरर आणि युजर एजंट एवढी माहिती असते. रेफरर म्हणजे वाचक ज्या पानावरून आला ते पान, आणि युजर एजंट म्हणजे ब्राउझरने किंवा बॉटने स्वतःची सांगितलेली ओळख. वेळेच्या शेवटी असलेला अधिक-उणे आकडा आधी पाहा. तिथे चार शून्ये असतील तर ती वेळ आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे आहे. रात्री नऊला कोणी केलेली तक्रार लॉगमध्ये दुपारी साडेतीनला शोधावी लागते.

नेहमीच्या ‘कंबाइंड’ प्रकारच्या लॉगमधली ओळ रिकाम्या जागांवर तोडली, तर सातवा तुकडा मागितलेला पत्ता असतो, नववा उत्तराचा आकडा आणि अकरावा रेफरर. ‘ऑक’ या आज्ञेने नववा तुकडा ४०४ असलेल्या ओळी वेगळ्या काढा, त्यांतून सातवा आणि अकरावा तुकडा घ्या, मग ‘सॉर्ट’ आणि ‘युनिक’ने मोजणी करा. अनेक जण फक्त पत्त्यांची मोजणी करतात आणि तिथेच फसतात. एकच चुकीचा पत्ता दोन वेगळ्या ठिकाणांहून येत असेल तर ती दोन वेगळी प्रकरणे आहेत. जोडी मोजा : पत्ता आणि रेफरर.

या यादीत रेफरर तुमच्याच साइटचा असलेल्या ओळी आधी उचला, कारण तिथे दोष बहुधा आपल्याच पानात असतो आणि रेफररमध्ये त्या पानाचा पूर्ण पत्ता दिसतो. दुसऱ्या साइटवरून आलेल्या वाचकाबाबत आता एवढी माहिती मिळत नाही. २०२० मध्ये क्रोमच्या ८५ व्या आवृत्तीपासून बाहेरच्या साइटला फक्त मूळ साइटचे नाव कळवले जाते, पुढच्या वर्षी फायरफॉक्सनेही तेच केले. रेफररमध्ये नुसते साइटचे नाव दिसले म्हणजे लिंक त्यांच्या मुखपृष्ठावर आहे असे मात्र समजू नका.

आपल्या पानातल्या चुकांचे नमुने ठरावीक असतात. पत्त्यात एकच तुकडा लागोपाठ दोनदा आला असेल, ‘अंक/अंक/मुखपृष्ठ’ असा, तर कुठेतरी लिंक सुरुवातीच्या तिरक्या रेघेशिवाय लिहिली गेली आहे. पत्त्याच्या मध्येच ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ आले असेल, तर लेखात दुसऱ्या साइटची लिंक देताना पुढचे ‘एचटीटीपीएस’ राहून गेले, म्हणून ब्राउझरने ती तुमच्याच साइटवरची जागा समजली. लेखकांकडून आलेला मजकूर जसाच्या तसा चिकटवला जातो अशा साइटवर ही चूक हमखास सापडते. पत्ता ‘अनडिफाइन्ड’ किंवा ‘नल’ या शब्दावर संपत असेल, तर जावास्क्रिप्टला हवी ती माहिती मिळाली नाही आणि तिने तो शब्दच पत्ता म्हणून वापरला. चित्राच्या नावामागे ‘ॲट-२-एक्स’ लागलेले असेल, तर थीममधली एखादी स्क्रिप्ट दाट पडद्यांसाठी दुप्पट आकाराचे चित्र मागते आहे आणि ते तुम्ही कधी बनवलेलेच नाही. हा दोष साध्या पडद्याच्या संगणकावर दिसतच नाही. तो लॉगमध्येच कळतो. अक्षरांच्या लहान-मोठ्या रूपांचेही तसेच. विंडोजच्या संगणकावर तयार केलेली साइट तिथे बिनचूक चालते आणि लिनक्सच्या सर्व्हरवर गेल्यावर चित्रे गायब होतात, कारण लिनक्स कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत फरक करतो.

ब्राउझर आणि फोन आपणहून ज्या फाइली मागतात, त्यांच्यावर फार वेळ घालवू नका. ‘फेव्हिकॉन’ मागण्याची पद्धत १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ ने सुरू केली आणि ती आजही चालू आहे. ‘ॲपल-टच-आयकॉन’ आयफोन मागतो. ‘डॉट-वेल-नोन’ने सुरू होणाऱ्या पत्त्यांची जागाच अशा विचारणांसाठी राखून ठेवलेली आहे : तिथे अँड्रॉइड आणि आयफोन तुमच्या साइटचे ॲप आहे का हे पाहतात, पासवर्ड सांभाळणारी साधने पासवर्ड बदलायचे पान शोधतात. नाव ‘मॅप’वर संपणाऱ्या फाइली बहुतेक वेळा ब्राउझरची डेव्हलपर खिडकी उघडलेल्या माणसाकडून येतात, आणि तो माणूस बऱ्याचदा तुम्हीच असता. फेव्हिकॉन आणि आयकॉन बनवून ठेवा, बाकीचे सोडून द्या.

वर्डप्रेसचे लॉगिन पान, ‘पीएचपीमायॲडमिन’, ‘डॉट-ईएनव्ही’, ‘डॉट-गिट’ असे पत्ते एकाच आयपीवरून काही सेकंदांत ओळीने मागितलेले दिसतील. ही माणसे नव्हेत, दार उघडे आहे का ते पाहत फिरणारे स्कॅनर आहेत. तुमची साइट वर्डप्रेसवर आहे की नाही हेही त्यांना ठाऊक नसते. २००१ मध्ये कोड रेड आणि निम्डा हे वर्म पसरले, तेव्हाही अपाचेच्या लॉगमध्ये फक्त मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर चालणारे पत्ते असेच मागितले जात होते. या ४०४ ओळींनी घाबरून जाऊ नका. त्या तुमचा सर्व्हर योग्य उत्तर देतो आहे याची नोंद आहेत. पण एक गोष्ट न चुकता करा. त्याच आयपीवरून आलेल्या आणि २००, म्हणजे ‘सापडले’, हे उत्तर मिळालेल्या ओळी काढा. ‘डॉट-ईएनव्ही’ किंवा बॅकअपची झिप फाइल यांच्यापुढे २०० असेल, तर डेटाबेसचा पासवर्ड बाहेर गेला असे धरून तो त्याच क्षणी बदला. खरा धोका २०० च्या ओळीत असतो आणि ४०४ च्या गर्दीत आपण ती पाहायची विसरतो.

असे आयपी सरसकट अडवण्याआधी थांबा. आपल्याकडे मोबाईल कंपन्या एकेका आयपी पत्त्यामागे असंख्य ग्राहक ठेवतात. असा एक पत्ता बंद केला, तर खरे वाचकही बाहेर राहतात. स्वतःला गूगलबॉट म्हणवणाऱ्यावरही लगेच विश्वास ठेवू नका. त्याच्या आयपीचे उलट नाव शोधा. ते गूगलच्या डोमेनमधले हवे, आणि त्या नावावरून पुन्हा तोच आयपी मिळायला हवा.

मराठी साइटवर मात्र असे काही ४०४ दिसतात, ज्यांचा उलगडा इंग्रजी मार्गदर्शनात सहसा मिळत नाही, आणि म्हणूनच ते वर्षानुवर्षे तसेच राहतात. पत्त्यात देवनागरी अक्षर थेट जात नाही. प्रत्येक चिन्हाचे यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ अक्षरे. काना, वेलांटी, अनुस्वार हीसुद्धा वेगळी चिन्हे असल्यामुळे नुसता ‘दिवाळी’ हा शब्द पत्त्यात ५४ अक्षरे खातो. ब्राउझर तो आपल्याला वाचता येईल असा दाखवतो, लॉगमध्ये मात्र टक्क्यांची रांग दिसते. म्हणून आधी त्या ओळी उलगडून घ्या. पायथनमध्ये त्यासाठी तयार फंक्शन आहे, आणि एखादाच पत्ता असेल तर तो ब्राउझरच्या पट्टीत चिकटवूनही वाचता येतो.

उलगडताना पत्त्याचे शेवटचे अक्षर अर्धवट निघाले, म्हणजे रांग ‘%ई०%ए४’ अशी मध्येच तुटली असेल, तर लिंक वाटेत कापली गेली आहे. साध्या मजकुराच्या ईमेलमध्ये एक ओळ ७८ अक्षरांपेक्षा लांब नसावी असा संकेत आहे, आणि दोन मराठी शब्दांचा पत्ता तेवढ्यात सहसा मावत नाही. काही मेल प्रोग्राम तिथे ओळ मोडतात आणि लिंकचा अर्धा भाग मागे राहतो. वार्तापत्र पाठवल्याच्या दिवशी असे ४०४ वाढले असतील तर दोष तुमच्या साइटचा नाही, वार्तापत्राच्या मांडणीचा आहे.

टक्क्यानंतर २५ हा आकडा पुन्हा पुन्हा दिसला, तर पत्ता दोनदा संकेतात घातला गेला आहे. टक्क्याचे चिन्ह स्वतःच ‘%२५’ झाले आहे. याचा उगम अनेकदा आपल्याच जुन्या रीडायरेक्टमध्ये असतो. अपाचेच्या ‘एचटीॲक्सेस’ फाइलमध्ये रीराइटचा नियम लिहिताना नवा पत्ता टक्क्यांसह दिला आणि ‘एनई’ हा पर्याय लावला नाही, तर अपाचे प्रत्येक टक्का पुन्हा संकेतात घालतो. वाचक जुन्या लिंकवरून येतो, आपण त्याला नव्या पत्त्यावर पाठवले असे समजतो, आणि तो तिथे जाऊन आदळतो. लॉगमध्ये अशा ४०४ च्या नेमकी आधी, त्याच आयपीची ३०१ ची, म्हणजे रीडायरेक्टची ओळ सापडते. नियमाची डावी बाजूही तपासा : अपाचे तिथे उलगडलेला पत्ता ताडून पाहतो, त्यामुळे ती खऱ्या देवनागरीत लिहायला हवी, टक्क्यांत नव्हे.

कधी पूर्ण, बरोबर पत्ता असतो आणि त्याला शेवटी ‘वर’, ‘ला’ किंवा ‘मध्ये’ चिकटलेले असते. आपण मराठीत प्रत्यय शब्दाला जोडून लिहितो आणि संदेशात लिंक देतानाही तीच सवय राहते. लिंकपुढे जागा न सोडता ‘वर वाचा’ असे लिहिले जाते. संदेश दाखवणारा प्रोग्राम ते ‘वर’ लिंकचाच भाग समजू शकतो. लिंकनंतर पूर्णविराम किंवा कंस आला तरी हेच घडू शकते. उपाय दोन आहेत : आपण पाठवू त्या संदेशात लिंक स्वतंत्र ओळीवर द्यायची, आणि ४०४ च्या पानावर ठळक शोधपेटी ठेवायची.

सर्वांत फसवे प्रकरण म्हणजे अगदी सारखे दिसणारे दोन पत्ते, ज्यांतला एक उघडतो आणि दुसरा उघडत नाही. ‘दऱ्या’ हा शब्द घ्या. यातला र खास चिन्हाने लिहिता येतो, ज्याचे बाइट ‘ई०-ए४-बी१’ असे आहेत. साधा र आणि नुक्ता असे दोन तुकडे करून लिहिता येतो. किंवा साधा र, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह वापरून लिहिता येतो. तिन्ही डोळ्यांना सारखे, बाइट तिन्हींचे वेगळे. जुन्या मॅकची एचएफएस प्लस ही फाइलव्यवस्था अशा अक्षराचे आपणहून दोन तुकडे करून फाइलचे नाव साठवते. तिथून ‘दऱ्याखोऱ्या’ नावाची पीडीएफ लिनक्सवर चढवली आणि लिंक मात्र विंडोजवर टाइप केली, तर फाइल समोर दिसत असताना ४०४ येतो. ‘ॲ’चे तर आणखी अवघड. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र चिन्ह म्हणून आले. त्याआधी, आणि काही कीबोर्डवर आजही, ते अ आणि वरचा चंद्र असे दोन चिन्हांनी लिहिले जाते. र आणि नुक्त्याची जोडी युनिकोडच्या प्रमाणीकरणाने एकरूप होते, ‘ॲ’ची दोन रूपे मात्र होत नाहीत. म्हणून संशय आला की अक्षरे पाहू नका, बाइट पाहा. लॉगमधली टक्क्यांची रांग आणि प्रत्यक्ष फाइलच्या नावाची रांग शेजारी ठेवली, की फरक लगेच दिसतो.

वर्डप्रेसमध्ये लेखाच्या पत्त्यासाठी २०० अक्षरांची जागा असते. देवनागरीत ती सुमारे २२ चिन्हांत भरते, मात्रा आणि अनुस्वार धरून. लांब शीर्षकाचा पत्ता त्यामुळे अर्ध्यावरच संपतो, आणि कोणी पूर्ण शीर्षकावरून पत्ता बनवला तर तो जुळत नाही. माझे मत स्पष्ट आहे : लेखाचा पत्ता मराठीत ठेवायला काहीच हरकत नाही, ठेवावाच, पण तो दोन-तीन शब्दांचा आणि हाताने लिहिलेला असावा, वर सांगितलेली फसवी अक्षरे टाळून. पीडीएफ आणि चित्रांची नावे मात्र रोमन लिपीत, स्मॉल अक्षरांत, मध्ये जागा न सोडता द्यावीत. आधीच छापलेले आणि वाटलेले पत्ते या सल्ल्यामुळे बदलू नका.

फाइल आहे, नाव बरोबर आहे, तरी ४०४ येतो अशा वेळी सर्व्हर नेमका कुठे शोधतो आहे ते पाहा. एनजिन्क्सचा एरर लॉग डिस्कवरचा पूर्ण मार्ग लिहितो. तो वाचला की रूट किंवा एलियसच्या ओळीतली चूक कळते. वर्डप्रेसचे मुखपृष्ठ उघडते आणि बाकी एकही पान उघडत नाही, असे असेल तर पत्ते वळवणारा नियम नाहीसा झालेला असतो. सेटिंगमधल्या पर्मालिंकच्या पानावर जाऊन काहीही न बदलता ‘सेव्ह’ केले की अपाचेवर तो पुन्हा लिहिला जातो, अर्थात वर्डप्रेसला ती फाइल लिहिण्याची परवानगी असेल तर. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएसवर ४०४ पुढचा उपआकडा वाचा. तिथे ३ असेल, तर फाइल जागेवर आहे, पण त्या प्रकारच्या फाइलची नोंद सर्व्हरच्या यादीत नाही.

एवढे करूनही काही पत्ते उरतात, ज्यांचा तुमच्या साइटशी काहीच संबंध लागत नाही. डोमेन तुमच्याआधी दुसऱ्या कोणाकडे होते का, हे इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये पाहा. जुन्या मालकाची पाने लोक आणि बॉट अनेक वर्षे मागत राहतात. क्लाउड सर्व्हर घेतला असेल तर त्याचा आयपी पत्ताही पूर्वी कोणाचा तरी असतो. लॉगमध्ये होस्टचे नाव नोंदवायची सोय करा. ते नाव तुमचे नसेल तर विनंतीच चुकून तुमच्या दारी आली आहे. अलीकडे आणखी एक उगम वाढला आहे. एआयची चॅट साधने कधी कधी अस्तित्वात नसलेला, पण खरा वाटावा असा पत्ता वाचकाला देतात. चॅटजीपीटीवरून आलेल्या लिंकमागे बऱ्याचदा त्याचे नाव सांगणारा ‘यूटीएम सोर्स’ असतो, त्यावरून हे ओळखता येते. असा वाचक तुमच्याच विषयाच्या शोधात आलेला असतो. त्याला जवळचे खरे पान मिळेल असे करा.

पान हलवले असेल तर ३०१ लावून नव्या जागी पाठवा. मुद्दाम काढून टाकले असेल तर ४१० द्या. कधी नव्हतेच, तर ४०४ हेच खरे उत्तर आहे, ते तसेच राहू द्या; खऱ्याखुऱ्या ४०४ मुळे तुमची बाकीची पाने गूगलच्या शोधात मागे पडत नाहीत. सगळे मुखपृष्ठाकडे वळवू नका, असे मी सुरुवातीला म्हणालो ते यासाठी, की त्याने वाचक गोंधळतो, गूगल तसेही त्या पानाला न सापडलेले म्हणूनच धरते, आणि चूक शोधण्याचा तुमच्या हातातला एकमेव पुरावा नाहीसा होतो.

तो पुरावा फार दिवस टिकत नाही. उबुंटूवर अपाचेचे लॉग मूळ मांडणीनुसार १४ दिवसांनी पुसले जातात. भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत संस्थांनी लॉग १८० दिवस ठेवावेत असे म्हटले आहे. तेवढी मुदत आजच लावून घ्या. लॉगमध्ये वाचकांचे आयपी पत्ते असतात, म्हणून मदत मागताना संपूर्ण फाइल व्हॉट्सॲपच्या गटात टाकू नका, आयपी झाकून लागतील तेवढ्याच ओळी द्या. आणि पहिल्या दिवशी सगळे निस्तरायला बसू नका. रेफरर तुमच्याच साइटचा असलेल्या ओळी तेवढ्या काढा आणि त्या पानांतल्या लिंक दुरुस्त करा. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही आणि वाचकाला त्याचा उपयोग त्याच दिवसापासून होतो.